सिंहाचे मागचे पाय

लिफ्टचं दार उघडलं आणि आतून सिंह बाहेर आला. त्याच्या मागून चाकांच्या गाड्यावर ठेवलेला ढोल, मग झांजावाले, मग घंटेवाला. रिसेप्शनवरच्या मुलीने फोन कानाला तसाच धरून ठेवला, कारण आता पुढची वीस-पंचवीस मिनिटं कुणाला काहीही ऐकू येणार नव्हतं.

चिनी नववर्षाच्या सुट्टीनंतर ऑफिसं उघडली की सिंगापुरात हे होतंच. साहेब शुभ वेळ काढून घेतात, सिंहनृत्याचं पथक सांगून ठेवतात, आणि ती वेळ नेमकी माझ्या महिनाअखेरच्या हिशेबावर येते. त्या दिवसांत शहरभर उघड्या लॉऱ्या फिरत असतात. मागे टी-शर्टातली पोरं उभी राहून ढोल बडवतात, आणि कोपऱ्यात सिंहाची मुंडकी एकावर एक रचलेली असतात. फटाक्यांवर इथे 1972पासून बंदी आहे, त्यामुळे दारोदार लटकतात त्या लाल प्लॅस्टिकच्या मुक्या माळा. आवाजाची सगळी भिस्त ढोलावर. ‘न्यान’ नावाच्या राक्षसाला लाल रंगाचं आणि गोंगाटाचं भय, अशी मूळ कथा. आमच्या मजल्यावर तो आला असता तर जिन्यानेच परत गेला असता.

आमचा सिंह पिवळा होता, पांढऱ्या दाढीचा. पिवळा म्हणजे लिऊ बेई, लाल म्हणजे गुआन यू, काळा तापट झांग फेई. चीनच्या तीन राज्यांच्या काळातले वीर असे सिंहांच्या अंगावर रंग होऊन उरलेत. कपाळावर आरसा, डोक्यावर एकच शिंग. मुंडकं पारंपरिक पद्धतीचं, म्हणजे बांबूच्या कामट्या आणि वर कागद. पुढचा गडी आतून दोरी ओढतो की पापण्या अशा मिचकतात की समोरचा माणूस नकळत हसतो.

मी मात्र तोंडाकडे फारशी बघतच नाही. सिंहाच्या कापडाखाली दोन माणसं असतात, एक पुढे, एक मागे; मला मागचे पाय बघायची खोड आहे. ही जागा कुणी मागून घेत असेल असं वाटत नाही. कमरेत वाकायचं, पुढच्याचा कमरपट्टा मुठीत धरायचा, आणि दिसतं काय, तर पुढच्याची पाठ आणि खालची फरशी. सिंह मागच्या पायांवर उभा राहतो तेव्हा टाळ्या पडतात. पण त्या वेळी मागच्याने एका अख्ख्या माणसाला उचलून डोक्यावर किंवा मांड्यांवर घेतलेलं असतं. मलेशियात गेंटिंगला मोठ्या स्पर्धा होतात, तिथे हेच सगळं उंच खांबांवरच्या ताटलीएवढ्या चकत्यांवर चालतं. मी ते व्हिडिओ बघते तेव्हा माझेच तळपाय घामेजतात.

पायांवरून माणूस ओळखायची सवय शिमग्यातली. आमच्या कोकणात, गुहागरकडे, खेळे, म्हणजे सोंगं घेऊन नाचणारी मंडळी, घरोघरी येतात, आणि त्यांच्यात संकासुर असतो. काळा पायघोळ अंगरखा, उंच निमुळती टोपी, तिच्यातून खाली आलेली पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा, हातात दोरीचा सोटा. चेहरा नाहीच. अंगणात तो घुमायला लागला की आम्ही पोरं माजघरात, आणि माजघरातून पुन्हा दारात, कारण भिण्यासाठी दिसायला तर हवा. एका वर्षी मी उंबऱ्याआडून खाली बघितलं आणि मला त्याच्या डाव्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख दिसलं. ते नख माझ्या ओळखीचं होतं. चार दिवसांपूर्वी आमच्या गोठ्याचं दार बसवायला आलेल्या सुतारकाकांचं. मी ओरडणार तेवढ्यात आजीने तोंडावर हात दाबला. “गप. ओळखलंस तरी बोलायचं नाही. आत्ता तो काका नाही.” आणि पदर सावरून तिने त्याच सुतारकाकांना, ज्यांच्याशी मजुरीवरून तिची चांगली वाजली होती, वाकून नमस्कार केला.

मला ते नख दिसलं म्हणून भीती कमी झाली म्हणावं तर तसंही नाही. उलट वाढली. काका असूनही काका नाही म्हणजे काय, हे झेपेना.

असो. तर सिंह पॅन्ट्रीपर्यंत पोचला. तिथे दाराला सॅलडच्या पानांचा गड्डा टांगलेला, त्यात पैशांचं लाल पाकीट, म्हणजे आंगपाऊ. सिंहाने आधी हुंगलं, दचकून मागे आला, पुन्हा गेला, अखेर मटकावलं, आणि चावलेली पानं आमच्या अंगावर भिरकावली. पान अंगावर पडणं शुभ. मग तो परातीवर बसला. परातीत संत्री आणि पोमेलो, म्हणजे इथला पपनस. ढोल हळू झाला, कापडाखाली खुडबुड चालली, आणि सिंह उठला तेव्हा संत्री सोललेली होती व फोडींचे नीट चार आकडे मांडलेले होते.

आता खरी गर्दी. हे आकडे ‘फोर-डी’ लॉटरीला लावतात. 0000 ते 9999मधला आकडा निवडायचा. सोडतीत 23 आकड्यांना बक्षीस. लगेच वाद सुरू झाला, कारण शेवटचा आकडा आमच्या बाजूने 6 होता आणि सिंहाच्या बाजूने 9. साहेब म्हणाले, मालकाच्या बाजूने वाचायचं. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या आंटी म्हणाल्या, दिला सिंहाने, तर सिंहाच्याच बाजूने. पथकातला पोरगा तिथेच बसला होता, शेपटीचं कापड मांडीवर, घामाने निथळत, हंड्रेड प्लसचा कॅन रिकामा करत. फोडी ज्या हातांनी मांडल्या ते हात समोर होते, बोटांना संत्र्याचा रस चिकटलेला. त्याला कुणीही विचारलं नाही.

मी हिशेबखात्यातली बाई. दहा हजारांत 23, हे मी आंटींना समजावून सांगायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग दोन्ही लावते.”

मी एकच लावला, एका डॉलरचा. 6चा की 9चा, ते सांगत नाही.