शनिवार, रविवार आणि मधलं भरीत

"मामा, जळगावात लोक वीकेंडला करतात तरी काय?"

भाचीचा हा प्रश्न ठरलेला. पुण्याला आयटीत आहे. शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्सने निघते, शनिवारी उजाडताना आकाशवाणी चौकात उतरते, दुपारपर्यंत झोपते आणि डोळे चोळत हे विचारते. पुण्यात तिचा शनिवार-रविवार आठवडाभर आधीच पक्का झालेला असतो. कुठे जेवायचं, कुठला सिनेमा, कुठे कोणता बँड वाजणार, मॅच कोणाच्या फ्लॅटवर. तिकिटं मोबाईलमध्ये तयार. २०२५च्या जानेवारीत कोल्डप्ले नवी मुंबईत आलं, तेव्हा ही डी. वाय. पाटील स्टेडियमवर जाऊन आली आणि नंतर तिच्या घशातून आवाज फुटेना. मामीने हळद-दूध दिलं आणि विचारलं, "गाणं ते म्हणत होते ना? मग घसा तुझा कसा बसला?"

माझं म्हणणं असं, की आमच्याकडेही हे सगळं आहे. खाणं आहे, फुटबॉल आहे, सिनेमा आहे, गाणं-बजावणं तर दारात येतं. फक्त ते आधी ठरत नाही. आणि ठरलंच, तर आधी जेवण ठरतं. बाकीच्यांनी आपापली सोय बघायची.

हिवाळा असेल तर प्रश्नच मिटला. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला, की चातुर्मासभर वांगं वर्ज्य केलेली घरंही मोकळी होतात. मग शनिवारी सकाळपासून फोन. "आसोद्याची वांगी मिळाली का?" "नाही, भादलीची आहेत." "बामणोदची बघ ना रे भो." बाहेरच्या माणसाला वाटेल, जमिनीचा व्यवहार चाललाय. हे वांगं काळं-जांभळं नसतं. हिरवटसर, पांढऱ्या रेघांचं, चांगलं दणकट आणि बिया कमी. २०१६ साली जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्याकडे कोणी फार हरखलं नाही. सरकारला आत्ता कळलं, एवढीच प्रतिक्रिया.

भरीत गॅसवर भाजणाऱ्यांशी माझं वैर नाही, पण त्यांच्याकडे मी जेवायला जात नाही. कापूस वेचून झाला, की शेतात कपाशीची वाळकी झाडं उरतात. त्या काड्यांचा जाळ करायचा आणि वांगी त्यात सोडायची. काडी भुरकन पेटते, भुरकन विझते, म्हणून एक माणूस सतत काड्या सारायला आणि दुसरा वांगी फिरवायला. साल काळी होऊन सुटायला लागली, देठाशी वाफ शिटी मारायला लागली, की बाहेर काढून सोलायची. बोटं भाजतात, फुंकर मारत सोलायची. मग लाकडी बडगीत घालून मुसळीने ठेचायची. मिक्सरचं नाव काढणाऱ्याला मळ्याबाहेर उभं करतात. हिरवी मिरची आणि लसूण ठेचून तेलात, त्यात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, मूठमूठभर कांद्याची पात, मग वांगं, वरून कोथिंबीर. सोबत पुऱ्या, नाहीतर कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद आणि मीठ घालून दळलेल्या पिठाची. हा सगळा स्वयंपाक पुरुष करतात. एरवी घरात पाण्याचा पेला न उचलणारे काका इथे मिरची किती यावर तासभर तावातावाने बोलतात.

अशाच एका भरीत पार्टीत आम्ही विश्वचषकाची फायनल पाहिली. १८ डिसेंबर २०२२, रविवार, रात्री साडेआठ. अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. फिफाने तारीख आमच्या वांग्यांकडे बघूनच काढली असावी. क्लास चालवणाऱ्या मित्राने प्रोजेक्टर आणला, दोन कडुलिंबांच्या मध्ये चादर ताणली आणि एकाच्या मोबाईलवरून मॅच लावली. चित्र अडखळत होतं ते सोडा. खरी अडचण शेजारच्या मळ्याची होती. त्यांच्याकडे डिशवर टीव्ही, तो आमच्यापेक्षा अर्धा मिनिट पुढे. त्यामुळे गोल आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. मेस्सी पेनल्टीला उभा राहायच्या आतच तिकडे फटाका वाजला. भाची चिडून म्हणाली, "त्यांना सांगा ना हळू ओरडायला!" सांगायला गेलेला माणूस तिथेच बसून राहिला.

छत्तिसाव्या मिनिटाला २-०. फ्रान्स मैदानावर आहे की नाही, अशी अवस्था. पंचाहत्तराव्या मिनिटाच्या आसपास आबा उठले, चादरीकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "झाली मॅच. पानं मांडा."

पंगत बसली. पुरीचा तुकडा मोडला, त्यावर भरीत घेतलं, तेवढ्यात शेजारच्या मळ्यातून आरोळी. ८०व्या मिनिटाला एम्बापे. तुकडा तोंडात गेला नाही तोच पुन्हा आरोळी, आता जरा घाबरलेली. ८१व्या मिनिटाला परत एम्बापे. अर्धी पंगत उष्ट्या हातांनी चादरीपुढे, अर्धी पानावर. वाढणाऱ्याने पातेलं तसंच काखेत धरून एक्स्ट्रा टाइम पाहिला. ३-३ झाले, पेनल्टीवर अर्जेंटिनाने ४-२ अशी जिंकली, हे सगळ्या जगाला माहीत आहे. आबांना मात्र मेस्सीचं काही पडलं नव्हतं. "तीन गोल करूनबी हारला तो पोरगा? बिचाऱ्याले जेवाले बोलवा रे."

एरवीच्या शनिवारी इंग्लंडमधले सामने असतात. तिकडे दुपारी तीनला सुरू होणारा सामना आमच्याकडे हिवाळ्यात रात्री साडेआठला आणि तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकली की साडेसातला. म्हणजे बरोबर शेवभाजीच्या वेळेला. शेवभाजीचं एक पथ्य आहे. तिखटजाळ रस्सा आधी उकळून ठेवायचा, पण जाडी शेव आयत्या वेळीच टाकायची. आधी टाकली तर गिचका होतो, उशिरा टाकली तर दाताखाली कडकड वाजते. हाफटाइमची पंधरा मिनिटं या कामासाठी इतकी नेमकी आहेत, की पूर्वार्ध संपल्याची शिट्टी वाजली की मामी शेवेचा डबा उघडते. ऑफसाइड तिला अजून पटलेला नाही ("पुढे गेला तर गेला, धावला म्हणून गेला ना?"), पण इंज्युरी टाइम किती दिलाय, हे ती स्वयंपाकघरातून विचारते.

हे तीन वाजताचं प्रकरण मला फार आवडतं. इंग्लंडात १८५०च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतल्या बाया आणि तरुण पोरांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवलं. गिरणी दोनला सुटणार, तीनला मैदानावर सामना. शनिवारचा फुटबॉल हा असा गिरणीच्या भोंग्यामागून आलेला. आणि त्या गिरण्यांना कापूस कुठला? अमेरिकेचा. तो १८६१ ते ६५च्या यादवीत अडकला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांची भूक भागवायला हिंदुस्थानातला कापूस निघाला, त्यात आमचा खान्देशही होता. त्याच सुमारास रेल्वे भुसावळपर्यंत येऊन ठेपली, ती काही केळी खायला नव्हे. आणखी एक गंमत. तिथल्या लहान मैदानांवरची गर्दी घटू नये म्हणून ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेतले सामने टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. साठच्या दशकापासूनची पद्धत. म्हणजे मँचेस्टरमधल्या माणसाला घरबसल्या जो सामना दिसत नाही, तो जळगावच्या रिंग रोडवर आमच्या आबांना दिसतो, आणि आबा त्यात डुलक्या घेतात.

"मामा, कापूस नंतर. कॉर्नर आहे," भाची म्हणते.

पण विषय निघालाच आहे, तर सांगून टाकतो. रविवारची सुट्टीही गिरणीतूनच आली. नारायण मेघाजी लोखंड्यांनी लावून धरलं, म्हणून १० जून १८९०पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला. आमच्याकडे अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खान्देश मिल. भोंग्यावर गावाची घड्याळं लागायची. आता स्टेशनजवळ खान्देश मिलच्या जागेवर खान्देश सेंट्रल मॉल उभा आहे. ज्या आवारात माणसं रविवारची वाट बघत राबली, तिथे आता त्यांची नातवंडं रविवार घालवायला जातात. माझ्या भाचीला यात काही विशेष वाटत नाही. तिचा मुद्दा पार्किंगचा आहे.

सिनेमाचं थोडक्यात आटोपतो, कारण खान्देशात सिनेमाची आवड ऋतूवर आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला, की बाराच्या खेळाला जी गर्दी होते, ती नटनट्यांसाठी नसते. तिकीट काढताना माणसं सिनेमाचं नाव विचारत नाहीत, एसी चालू आहे ना, ते विचारतात. आमच्या लहानपणी शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी. गल्लीत ज्याच्याकडे टीव्ही, त्याच्या ओसरीत चपलांचा ढीग. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला जायचं नि तमाशाच्या तंबूबाहेर घुटमळायचं, ही करमणूक मोठ्यांची. शेजारच्या मालेगावात तर हौशी मंडळींनी गाजलेल्या हिंदी सिनेमांच्या विडंबनाचे आपलेच सिनेमे काढले. खान्देशी माणूस पडद्यासमोर फार वेळ गप्प बसू शकत नाही. त्याला आत तरी शिरायचं असतं, नाहीतर जेवायला उठायचं असतं.

गाण्याचं मात्र तसं नाही. गाणं इथे दोन टोकांचं आहे आणि मला दोन्ही टोकं लागतात. एक टोक जानेवारीतलं. नारायण राजहंस लहानपणी जळगावात राहत होते, मेहबूब खाँ यांच्याकडे त्यांनी इथेच गाण्याचे धडे घेतले. पुढे ते बालगंधर्व झाले, आणि त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव जळगावात भरतो. थंडी चांगलीच असते. शाली, कानटोप्या, आणि मध्यंतरात चहाच्या टपरीवर तानेपेक्षा लांब चर्चा. या गावाला तशी जुनी खोड आहे. फडणीसांनी इथून १८८७ ते १९३५ 'काव्यरत्नावली' हे फक्त कवितेला वाहिलेलं मासिक चालवलं, १९०७च्या कविसंमेलनात कोवळ्या बालकवींनी इथेच कविता म्हटली. आजही काव्यरत्नावली चौक आहे. त्या चौकात संध्याकाळी उभं राहून कणीस खाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे, ते विचारू नये. कणीस मात्र चांगलं असतं.

दुसरं टोक म्हणजे वरात. खान्देशी बँड ज्याने ऐकला नाही, त्याला लाइव्ह म्युझिक काय असतं हे मी तरी सांगू शकत नाही. रोषणाईची गाडी, मागे जनरेटर, वर ऑर्गनवाला, पुढे ढोल-ताशा, आणि अहिराणी गाण्याचा ठेका धरला की नवरदेवाची आजीसुद्धा पदर खोचते. कापसाला भाव मिळाला त्या वर्षी बँड मोठा, नाही मिळाला तर छोटा. कापूस इथेही आलाच, माझा नाइलाज आहे.

तर एका नोव्हेंबरात, तुळशीचं लग्न उरकून मुहूर्त सुरू झाले होते. शनिवारची रात्र, भाचीच्या लाडक्या टीमचा सामना, बरोबरी चाललेली, आणि वरात आमच्या दारापुढे येऊन थांबली. थांबली म्हणजे थांबलीच. कॉमेंटरी ऐकू येणं बंद. खिडकीच्या काचा ठेक्यावर थरथरायला लागल्या. भाचीने टीव्हीचा आवाज शंभरवर नेला, तरी फक्त ओठ हलताना दिसत होते. आणि त्यातच तिच्या टीमने गोल केला. ती किंचाळत ओसरीवर धावली, आम्ही मागोमाग. अंगात लाल जर्सी, दोन्ही हात वर. वरातीतल्या बायांना वाटलं, ही पोरगी नाचायलाच आली. "ये माय, ये ये!" दोघींनी तिचे हात धरले आणि ओढलं आत. ऑर्गनवाल्याने तिला पाहून ठेका दुप्पट केला.

ज्या मुलीने कोल्डप्लेसाठी मोबाईलवर रांग लावून तिकीट मिळवलं, ती कोणाच्या लग्नाची वरात आहे हे माहीत नसताना जर्सी घालून अर्धा तास नाचत होती. तिकडे गोल ऑफसाइड ठरून रद्द झाला. ते तिला सांगायला मी दोनदा गर्दीत शिरलो. पहिल्यांदा तिला ऐकू आलं नाही, दुसऱ्यांदा नवरदेवाच्या मामांनी मला फेटा बांधला.

दहाच्या ठोक्याला वाजंत्री बंद झाली. घामेजलेली ती ऑर्गनवाल्याशी बोलत उभी होती. पुण्यात तिच्या सोसायटीतली मंडळी मोठी मॅच असली की क्लबहाउसात एकत्र बघतात, तिथे हा बँड न्यायचा, असं तिच्या डोक्यात आलं होतं. त्याने खिशातून कार्ड काढून दिलं, तारीख लवकर सांगा म्हणाला. मॅच कुठली, कप कुठला, यात त्याला रस नव्हता.

"पुण्याला यायचं गाडीभाडं वेगळं पडेल, ताई," तो म्हणाला. "आणि बारा माणसांचं जेवण पार्टीकडे. भरीत असलं तर अजून दोन येतील."