शून्य बाइट सरकणारं एफसीक

दिवस एका जुन्या सी प्रोग्रॅममध्ये गेला. त्याचं काम साधं: फाइलमधून ६४-६४ बाइटच्या नोंदी वाचायच्या, जी बदलायची असेल ती बदलून त्याच जागी परत लिहायची. लिनक्सवर निमूट चालतो, विंडोजवर मात्र पहिली नोंद बदलली की पुढे सगळा घोळ.

पहिला संशय मोडवर, म्हणजे फाइल उघडण्याच्या पद्धतीवर गेला. टेक्स्ट मोडमध्ये विंडोजवर लिहिताना १० या बाइटच्या आधी १३ घुसतो, आणि वाचताना २६ भेटला की फाइल तिथेच संपल्याचं धरलं जातं. पण इथे ‘आर प्लस बी’ (वाचणं-लिहिणं दोन्ही, बाइट न बदलता) नीट दिलेला होता. फाइल उघडतही होती, नाहीतर एरर छापणाऱ्या पी-एररने कारण सांगितलंच असतं.

मग लूप ओळीओळीने वाचलं. वाचणारं एफरीड, ६४ बाइट मागे नेणारं एफसीक, लिहिणारं एफराइट, आणि थेट पुन्हा एफरीड. गोम या शेवटच्या उडीत. आपण ६४ बाइट मागितले तरी सीची लायब्ररी मोठा तुकडा बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, उचलून ठेवते, आणि लिहिलेलंही आधी बफरमध्येच साठतं. त्यामुळे आपल्या हिशोबाने फाइलमधली जागा एक, ऑपरेटिंग सिस्टिमच्या हिशोबाने दुसरी. म्हणूनच सीच्या १९८९च्या मानकापासून नियम आहे: लिहिल्यावर वाचायचं तर मध्ये एफफ्लश (बफरमधलं बाहेर काढणारं) किंवा एफसीक हवं. वाचल्यावर लिहायचं तर एफफ्लश चालत नाही, जागा ठरवणारंच फंक्शन लागतं. वाचताना फाइल संपली असेल तेवढीच सूट. लिनक्सवर हे बहुतेक वेळा खपून जातं, आणि तेच जास्त वाईट.

एफराइटनंतर एफसीक टाकलं: शून्य बाइट, आहे त्या जागेपासून. फाइल सुधारली. ओळ इतकी निरुपयोगी दिसते की पुढेमागे कोणीतरी साफसफाईत उडवणारच, म्हणून वर चांगली लांब कॉमेंट लिहिली.

शेवटची नोंद दोनदा येत होती तीही जाता जाता मिटवली. लूपची अट ‘फाइल संपली का’ सांगणाऱ्या एफईओएफवर होती, आणि ते वाचन फसल्यावरच खरं होतं. आता अट एफरीडच्या उत्तरावर.

फाइल बंद करणाऱ्या एफक्लोजचं उत्तर मात्र अजून कुठेच तपासलेलं नाही. डिस्क भरली असेल तर कधीकधी ते तिथेच कळतं, कारण बफरमधलं उरलेलं तेव्हा बाहेर पडतं. उद्या याच प्रोग्रॅमच्या अहवालाचं आउटपुट लिनक्सच्या ‘/डेव्ह/फुल’वर सोडायचं. तिथे काहीही लिहा, जागा नाही असंच उत्तर येतं.