लेन्स ‘ओके’ म्हणतात, फोकस मात्र मागेच जातो: माझा अनुभव

‘तपासली, ओके’ एवढ्या दोन शब्दांवर माझी १७-५० मिमी एफ २.८ झूम लेन्स नागपूरच्या सर्विस सेंटरमधून परत आली होती. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितो आहे. खेड्यात राहून असली लेन्स वापरणाऱ्याला हे आधी कुणी सांगत नाही.

मी ब्रह्मपुरीकडे लग्नं आणि झाडीपट्टीची नाटकं शूट करतो. नाटक रात्रभर चालतं. फ्लॅश मारला की कलावंतांचं लक्ष जातं, म्हणून मी तो मारत नाही. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड (अपर्चर) मोठं. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स ५५ मिमीला ५.६च्या वर उघडत नाही, २.८ला तिच्या चौपट उजेड मिळतो. लेन्स घेतली ती यासाठी, आणि आजही तीच कॅमेऱ्यावर असते.

दोष दिसला लग्नात. एका वधूपित्यानं अल्बम पाहून विचारलं, “भाऊ, पोरीचा गजरा मस्त आला जी, चेहरा काहून असा आला?” झूम ५० मिमीवर, पूर्ण उघड्या अपर्चरला, फोकस डोळ्यावर धरला तरी तो मागे जात होता. क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरवर दोन मीटर अंतरावरून शार्प पट्टा जेमतेम १७ सेंटीमीटरचा मिळतो. तो आठ-दहा सेंटीमीटर मागे सरकला की डोळे गेले. १७वर हाच दोष असला तरी कळत नाही, कारण तिथे पट्टा खूप मोठा असतो.

सर्विस सेंटरला गेलो, तर काउंटरवर म्हणाले, फक्त लेन्स ठेवा, बॉडी (कॅमेरा) नको. मी बॉडी सोबत नेली होती, तरी घेतली नाही. मग फोन करत राहायचं आणि ‘इंजिनिअरकडे आहे’ ऐकत राहायचं. इकडे तुळशीचं लग्न होऊन सीझन सुरू झालेला, मी दुसऱ्याची लेन्स भाड्यानं आणून कामं काढतोय. शेवटी लेन्स आली ती त्या दोन शब्दांसह. घरी लावून पाहिली, गजरा शार्प, डोळे सॉफ्ट.

परत भिवापूर-उमरेडवरून एसटीनं नागपूर. फोटो दाखवले तर म्हणे हात हलला असेल. हात हलला तर सगळाच फोटो हलतो, मागचा गजरा शार्प कसा येईल? तरी मी ट्रायपॉडवरचे जोडीनं काढलेले फोटो नेले होते: एक व्ह्यूफाइंडरला डोळा लावून, एक लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या स्क्रीनवर पाहून. लाइव्ह व्ह्यूचे शार्प, व्ह्यूफाइंडरचे मागे. लाइव्ह व्ह्यूमध्ये मुख्य सेन्सरच फोकस पाहतो. व्ह्यूफाइंडरमधून काढताना डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, आरशाखालचा वेगळा सेन्सर तो ठरवतो. त्या वाटेत बॉडीचा थोडा फरक आणि लेन्सचा थोडा फरक, दोन्ही एकाच बाजूला पडले की बेरीज होते. त्यांच्या बॉडीवर ओके असलेली लेन्स माझ्या बॉडीवर चुकू शकते, ती अशी. काउंटरवरच्या मुलाला हे पटलं नाही. आतून एक वयस्कर मेकॅनिक आले, त्यांनी जोडीचे फोटो मोठे करून पाहिले आणि बॉडी ठेवून घेतली. पहिल्याच वेळी कुणी एवढं पाहिलं असतं तर माझा अर्धा सीझन वाचला असता.

या वेळी लेन्स बरीच सुधारून आली. उरलेला फरक मी बॉडीतल्या एएफ फाइन ट्यूननं, म्हणजे ऑटोफोकस थोडा पुढे-मागे सरकवायच्या सेटिंगनं काढला: उणे ६. फोकस मागे जात असेल तर उणे, पुढे येत असेल तर अधिक. हा आकडा काढायला लागतं ते असं: ट्रायपॉड, मधला फोकस पॉइंट, भरपूर उजेड, सेन्सरला समांतर भिंतीवर छापील कागद आणि बाजूला तिरपी पट्टी. ५०साठी अंतर दीड-दोन मीटर. प्रत्येक फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा लावायचा. माझ्या बॉडीत अख्ख्या झूमला एकच आकडा बसतो, म्हणून तो ५०चा ठेवला, चेहरे मी तिथेच काढतो. सुरुवातीच्या स्वस्त बॉडीत ही सोय बहुधा नसतेच, घेण्याआधी बघा. सिग्मा कंपनीच्या यूएसबी डॉकवर (लेन्स कॉम्प्युटरला जोडायच्या साधनावर) चालणाऱ्या झूम लेन्समध्ये चार फोकल लेंग्थ आणि चार अंतरं मिळून १६ आकडे भरता येतात. माझी त्यातली नाही.

५०वर फोकस करून १७वर झूम आउट करू नका. या लेन्समध्ये झूम फिरवला की फोकसही सरकतो. मधल्या पॉइंटनं फोकस करून फ्रेम हलवायची सवयही २.८ला महागात पडते, फ्रेम हलली की तो अरुंद पट्टा डोळ्यांवरून सरकतो.

एक सांगायचं राहिलं. दिवसा बसवलेला आकडा रंगमंचाच्या पिवळ्या दिव्यात थोडा चुकतो, प्रकाशाचा रंग बदलला की तो आरशाखालचा सेन्सर वेगळा वाचतो. नाटकाआधी दिवे लागले की मी पडद्यावरच्या अक्षरांवर एक फोटो लाइव्ह व्ह्यूनं आणि एक व्ह्यूफाइंडरनं काढून पाहतो. आणि सर्विस सेंटरला जाल तेव्हा पावतीवर लेन्ससोबत बॉडीचाही सीरियल नंबर लिहून घ्या. नाही म्हणाले तर पावती घेऊ नका, आतल्या माणसाला बोलवा.