गिरकी

आज अंगणवाडीसमोरच्या फरशीवर मी खडूने पुरुषभर उंचीचे ‘घ’ आणि ‘ध’ काढले आणि मुले त्या रेषांवरून एकामागून एक चालू लागली. पाटीवर या दोन अक्षरांची कायम गल्लत करणारी पाच वर्षांची एक मुलगी मध्येच थांबून म्हणाली, “ताई, ‘ध’ला आधी गिरकी घ्यावी लागते, ‘घ’ला नाही.”

ती गाठ मी फळ्यावर कितीदा तरी दाखवली होती. तिला ती पायांनी सापडली.

ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षण मुलांच्या अंगणात नेले, हे ठाऊक असूनही मी मुलांना मांडी घालून गिरवायलाच बसवत राहिले, याची दिवसभर रुखरुख लागली.

पेन्सिल अजून नीट न पेलणाऱ्या बोटांवरच अक्षरांचा सगळा भार आपण का टाकतो?