तेहतीस नंबरची तार

माझं लातूरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बोअरच्या सबमर्सिबल, पिठाच्या गिरणीच्या मोटारी, उन्हाळ्यात कूलर आणि पंखे. दिवसभर हातात तारच असते. त्यामुळे गिटारच्या तारा निवडताना आपण चुकू असं काही मनात नव्हतं, आणि नेमका तिथंच चुकलो. एकदा नाही, चार-पाच वेळा.

गिटार हातात आली २०१६ च्या उन्हाळ्यात. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होतं ते वर्ष. आधी बोअरमध्ये पाणी नसताना मोटारी कोरड्या चालून जळाल्या, तेव्हा काम बरं होतं. मग बोअरच आटले, त्यावर मोटार दुरुस्त करून कोण काय करणार? दुकान उघडून नुसतं बसायचं. मेव्हण्याची एक इलेक्ट्रिक गिटार माळ्यावर धूळ खात पडली होती, स्ट्रॅट (फेंडरचं स्ट्रॅटोकास्टर मॉडेल) घडणीची, २५.५ इंच स्केलची, म्हणजे तारेची वाजणारी लांबी तेवढी. ती आणली. दोन वर्षांत आमच्या भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात वाजवण्याइतका तयार झालो. १४ एप्रिलच्या आगेमागे महिनाभर कार्यक्रम असतात आणि मोटारी जळायचा मोसमही तोच. दिवसा वाइंडिंग, रात्री स्टेज.

तर पहिली चूक. आमच्या धंद्यात तारेच्या जाडीला एस.डब्ल्यू.जी. हे माप चालतं, त्यात नंबर वाढला की तार बारीक. पंख्याला ३६ नंबर लागते, केसासारखी; २० नंबर म्हटलं की जाड. गिटारमध्ये उलटं आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिथं नंबर म्हणजे सरळ जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. नऊ म्हणजे ०.००९ इंच, दहा म्हणजे ०.०१०. बोटं दुखायची म्हणून मला बारीक तार हवी होती. दुकानदार म्हणाला, नऊचा सेट आहे, दहाचा आहे, अकराचा आहे. मी आपला हिशोब लावला आणि ऐटीत म्हणालो, "अकराचा द्या."

त्यात अकराचा म्हणून मिळाला तो अकूस्टिक गिटारचा, ब्राँझच्या वेढ्याचा. एका पाकिटात दोन चुका. बसवल्या, अ‍ॅम्प लावला. खालच्या दोन साध्या, बिनवेढ्याच्या तारा कानठळ्या बसतील अशा, आणि वरच्या चार जणू शेजारच्या खोलीत वाजताहेत. हे मात्र माझ्या लगेच लक्षात आलं. पिकअप म्हणजे काय, आपलंच काम की! चुंबकावर माणसाच्या केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये वीज येते. ब्राँझला चुंबक धरतच नाही, आतल्या बारीक पोलादी गाभ्याचा काय तो आवाज. इलेक्ट्रिकसाठी निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी वेढ्याचा सेट घ्यायचा, एवढं त्या दिवशी कळलं.

मग खरोखरचा नऊचा सेट आणला, ९ ते ४२, म्हणजे सगळ्यात बारीक तार नऊ, सगळ्यात जाड बेचाळीस. बोटाला लोण्यासारखा. मी खूश. आठ दिवसांनी तालमीत आमचे पेटीवाले गुरुजी वाजवता वाजवता थांबले.

"तुझी तार चढायलीय बघ."

मी ट्यूनर दाखवला. "गुरुजी, बरोबर आहे की. हे बघा, हिरवा लाइट."

"मोकळी बरोबर हाय रे. दाबल्यावर चढतीय. पुन्हा दाब. ...जरा हळू दाब. आता?"

हळू दाबली तर सुरात, नेहमीसारखी दाबली तर वर. माझ्या हाताला सवय मोटारीच्या स्टेटरच्या खाचेत वेढे ठासून बसवायची. त्या जोराने नऊची तार दाबली की ती फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) मागच्या बाजूला आणखी खाली ताणली जाते आणि सूर चढतो. बारीक तार हलक्या हाताच्या माणसाची. माझ्या हातात ती टिकत नव्हती, दोषही तिचा नव्हता.

त्यात दुसरी भानगड पट्टीची. आमचे मुख्य गायक काळी दोनमध्ये गातात, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी त्यांचा सा; ताई काळी चारमध्ये. नेहमीच्या ट्यूनिंगला या पट्ट्यांत मोकळी तार कुठं सापडत नाही, सगळं आडवं बोट टाकून वाजवावं लागतं. म्हणून ऑर्केस्ट्रातले बरेच जण गिटार अर्धा स्वर उतरवतात. मग सगळ्यात जाड मोकळी तार काळी दोनवर येते आणि तिच्या शेजारची काळी चारवर. दोन्ही गायकांची सोय. पण अर्धा स्वर उतरवला की ताण ११ टक्क्यांनी कमी होतो. माझी नऊची आधीच सैल, उतरवल्यावर तर वाळत घातलेल्या साडीची दोरी झाली.

तेव्हा एक कॉलेजचा पोरगा तालमीला यायचा. त्याने सांगितलं, अमेरिकेतला ब्लूज गिटारवाला स्टीव्ही रे व्हॉन अर्धा स्वर उतरवून तेराची तार लावायचा, म्हणून त्याचा टोन एवढा भरदार. मला ते पटलं, माणसाला आपल्या सोयीचं पटतंच. तेरा नाही तरी अकरा लावू म्हटलं. (तिकडचेच दोन नावाजलेले गिटारवाले, बी. बी. किंग आणि बिली गिबन्स. किंगने गिबन्सला उलटा प्रश्न विचारला होता की एवढ्या जाड तारा कशाला, उगाच कष्ट कशाला करतोस, आणि तेव्हापासून गिबन्स बारीक तारांवर गेला, हे मला फार उशिरा कळलं. पोराने ती गोष्ट सांगितली नाही.)

तार बदलली म्हणजे फक्त तार बदलली असं होत नाही, हे अकराच्या सेटने शिकवलं. स्केल आणि सूर तोच ठेवला तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साध्या तारेत नवावरून दहावर गेलं की २३ टक्के ताण वाढतो. आकड्यात सांगायचं तर नऊच्या पहिल्या तारेवर सहा किलोच्या आसपास ओढ असते, दहाच्या तारेवर सव्वासात, अकराच्या तारेवर नऊच्या जवळ. नऊचा सगळा सेट मानेला ३८-३९ किलोने ओढतो, दहाचा ४७ किलोने, म्हणजे जवळजवळ सिमेंटचं एक पोतं. अकराचा पन्नाशी ओलांडतो. एवढ्याशा लाकडाच्या पट्टीवर.

अकराचा सेट चढवला आणि सकाळी पाहतो तर ब्रिज, म्हणजे तारा खाली ज्यात अडकवतात तो भाग, मागून वर उचललेला, तारा फ्रेटपासून बोटभर उंच. स्ट्रॅटमध्ये ब्रिजला मागून स्प्रिंगा धरून ठेवतात. पुढून ओढ वाढली की त्या ताणल्या जातात आणि ब्रिज पुढं झुकतो. पाठीमागची प्लेट उघडली, तीन स्प्रिंगांच्या चार केल्या, दोन स्क्रू आवळले. मानही पुढं वाकली होती. मानेच्या आतली ट्रस रॉड नावाची सळी पाव आटा फिरवायची, पुन्हा ट्यून करायची, थांबायचं, बघायचं. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरायचा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट राहते ते पाहायचं. माझ्याकडे फट मोजायचं फीलर गेज आहे, पण खरं तर दहाची एक जुनी तार पुरते. ती फटीत जेमतेम सरकली की मान ठीक.

नटचं, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीचं, प्रकरण मात्र मी स्वतः बिघडवलं. जाड तार नटच्या खाचेत अडकायची. खुंटी पिळली की काही नाही, काही नाही, आणि मग "टिंग" करून एकदम उडी. खाचेत पेन्सिलचं शिसं घासलं, थोडा फरक पडला. माझं समाधान होईना. जुन्या जाड तारेचा तुकडा घेऊन खाच घासत बसलो, कानसीसारखी. दहा घासण्यांत काम झालं असतं, मी तीस घासल्या. तार खाली बसली आणि मोकळी वाजवली की पहिल्या फ्रेटवर कर्रर्र. खाण्याचा सोडा आणि फेव्हिक्विकने वाचवलं. खाचेत चिमूटभर सोडा दाबायचा, वर एक थेंब, दगडासारखं होतं, मग पुन्हा हळूच घासायचं. बायको म्हणाली, "भज्यातला सोडा गिटारीत घाला, आणि भजी कशात तळू ते पण सांगा."

एवढं करून अकराच्या तारेवर मला मींडच काढता येईना. आमच्या गाण्यांत बासरीच्या जागा गिटारने भरायच्या असतात, तार ओढून एक पूर्ण स्वर चढवावा लागतो. दोन गाण्यांत अनामिका सोलून निघाली. भरदार टोन होता, पण मीच भरडलो गेलो.

शेवटी दहाचा सेट. १० ते ४६. काही पराक्रम नाही, जगातले निम्मे लोक तिथूनच सुरुवात करत असतील. पण का दहा, ते मला आता सांगता येतं. अर्धा स्वर उतरवूनही दहाची तार नेहमीच्या सुरातल्या नऊच्या तारेपेक्षा दहा टक्के ताठ राहते. माझा जड हात तिला सोसवतो आणि मींडही निघते. ज्याची गिटार २४.७५ इंच स्केलची आहे त्याला त्याच सेटचा ताण सहा टक्क्यांनी कमी लागेल, त्याने आपला हिशोब करावा. बसवण्याआधी सवयीने मायक्रोमीटर लावला. ०.२५ मिलिमीटर. भिंतीवरच्या तक्त्यात पाहिलं, तर आमच्या भाषेत तंतोतंत ३३ नंबर. इतके दिवस असंच विचारलं असतं तर! आता मी डबीवर पेनने "३३" लिहून ठेवतो.

मागच्या सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ते तुकडे, बाराव्या फ्रेटवर जुळवून घेतल्या. दाबलेला सूर मोकळ्या तारेच्या वरच्या सुरापेक्षा चढा लागला की सॅडल मागं, उतरा लागला की पुढं. यात सांगण्यासारखं फार नाही, गुरुजींचा कान आणि एक स्क्रू ड्रायव्हर.

बास गिटार माझ्याकडे आला तो बासवाला पुण्याला नोकरीला गेला म्हणून. "तुला तारेतलं कळतं," असं म्हणून सगळ्यांनी माझ्या गळ्यात घातला. चार तारा, ३४ इंच स्केल. बारीकपणाच्या मोहात पुन्हा पडलो आणि ४० ते १०० चा सेट आणला. अर्धा स्वर उतरवल्यावर जाड तार ३९ हर्ट्झवर थरथरते. जोरात छेडली की आधी सूर वर जायचा, मग खाली बसायचा, आणि वर फ्रेटवर खडखडाट. ढोलकीवाला म्हणाला, "भाऊ, तुमचा बास दात खायलाय."

१०५ ची तार मागवली. शंभरावरून एकशे पाच म्हणजे ताण साधारण दहा टक्के वाढला, आणि उतरवल्याने गेलेले ११ टक्के जवळजवळ भरून निघाले. कागदावर हिशोब जुळला तेव्हा मोटारीचे वेढे जुळल्यासारखा आनंद झाला. पण बसवताना धंद्याची सवय नडली. आम्ही आधी मापाने कापतो, मग गुंडाळतो. तसंच केलं: खुंटीपर्यंत माप घेतलं, चार इंच जास्त ठेवली, कटर लावला. बासच्या तारेला असं कापल्यावर बाहेरचा वेढा गाभ्यावरून सैल सुटू शकतो. आधी काटकोनात वाकवायची, मग वाकवल्याच्या पुढं कापायची, म्हणजे वेढा जागेवर धरून राहतो. माझी सुटली. नवीकोरी तार आणि आवाज ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. सुटी तार इथं मिळत नाही, पुन्हा मागवून यायला चार दिवस. औसा तालुक्यातला एक अख्खा कार्यक्रम त्या मेलेल्या तारेवर काढला. जमेल तिथं तिसऱ्या तारेवर वरच्या सप्तकात वाजवलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. गुरुजींच्या आलं, ते बोलले नाहीत, नुसते एकदा बघितले.

फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या वेढ्याच्या तारा, त्याही एकदा लावून पाहायच्या आहेत. अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीचा बासवाला जेम्स जेमरसन त्याच वाजवायचा आणि तुटेपर्यंत बदलायचा नाही म्हणतात. आमच्या खिशाला मानवणारी पद्धत. सध्या निकेलच्याच आहेत. एप्रिलमध्ये बेचाळीस डिग्रीत हाताला धार लागते, घामाने तारा काळ्या पडतात. कार्यक्रम संपला की सुती फडक्याने प्रत्येक तार खालून-वरून पुसतो, मगच जेवायला बसतो. संध्याकाळी पाचला उन्हात लावलेला सूर रात्री नऊला तार गार झाल्यावर चढलेला असतो, म्हणून स्टेजवर जाताना पुन्हा एकदा बघतो.

यंदा ताईंचा धाकटा भाऊ गायला लागलाय आणि त्याला काळी एक हवी. माझी सगळ्यात जाड तार काळी दोनला संपते, त्याचा खर्ज मला वरच्या सप्तकात शोधावा लागतो आणि गाणं पोकळ लागतं. कीबोर्डवाला म्हणतो पाच तारांचा बास घ्या. ओळखीच्या एकाकडे जाऊन पाहून आलो, मायक्रोमीटर खिशात होताच. त्याची पाचवी तार १३० ची निघाली, ३.३ मिलिमीटर. एवढी जाड तार मी आजवर एकाही मोटारीत गुंडाळलेली नाही.