आमची वाटचाल : खिळ्यावरचा लोहचुंबक

आम्ही जुन्या अमेरिकन 'मसल कार', म्हणजे दणकट इंजिनाच्या गाड्या, दुरुस्त करतो. आमच्या वर्कशॉपमध्ये शिरलं की उजव्या हाताला खिळ्यावर एक लोहचुंबक टांगलेला दिसेल. दोन डॉलरची वस्तू, पण आम्हाला फार महागात पडली.

2009 मध्ये डेट्रॉइटजवळच्या सुट्या भागांच्या कंपनीतली माझी नोकरी गेली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांच्या लेथवर हात काळे करून वाढलेलो, घरी बसवेना. साठवलेले पैसे मोडून 1969ची लाल शेवरोले शेवेल 'एसएस 396' घेतली, म्हणजे 396 घनइंचाच्या मोठ्या इंजिनाची 'सुपर स्पोर्ट'. थोडी ठाकठीक करायची आणि विकायची, असा हिशेब. बायको म्हणाली, "एवढ्यात गावी दोन खोल्या निघाल्या असत्या."

पहिल्याच गिऱ्हाइकाने खिशातून लोहचुंबक काढून मागच्या चाकावरच्या पत्र्याला लावला. तो सरळ खाली पडला. तिथे पत्रा नव्हताच, बोटभर जाड लांबी (पुट्टी) भरली होती! मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडी खालून खातं. मग त्याने बॉनेट उघडलं. 1968पासून चासी नंबरचा काही भाग इंजिनवरही पंच केलेला असतो. आमचा जुळेना. आधीच्या दोन-तीन वर्षांत चासी नंबर 138ने सुरू झाला की गाडी एसएस 396 हे नक्की. 69ला एसएस हे वरून घ्यायचं पॅकेज झालं, नंबर शेवेलच्याच साध्या मॉडेलचा, मालिबूचा, 136. म्हणजे नुसत्या नंबरावरून कळत नाही, इंजिन बघावं लागतं. आमची मालिबूच होती, बिल्ले मागाहून लावलेले. तोटा सोसून, खरं सांगून विकली. तो लोहचुंबक मात्र मी मागून घेतला.

आता आम्ही चौघं आहोत. कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करतो, लांबीला शक्यतो हात लावत नाही. वेळ जातो, गिऱ्हाईक कुरकुरतं.

या गाड्यांत एवढं काय आहे? 1964 मध्ये पाँटिअ‍ॅकने मध्यम आकाराच्या गाडीत 389 घनइंचाचं, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचं इंजिन बसवून जीटीओ काढली. 1970पर्यंत शेवेल 450 हॉर्सपॉवरला पोचली. पुढे विम्याचे हप्ते, धुराचे नियम आणि 1973ची तेलटंचाई. सगळा खेळ दहा वर्षांचा. खरं सांगायचं तर वळणावर यातल्या बऱ्याच गाड्या म्हशीसारख्या वागतात. पण ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांच्या मेळ्यात डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर अशी एखादी सिग्नलला शेजारी उभी राहिली की आपल्या गाडीच्या काचा थरथरतात, आणि तक्रार करायचं सुचत नाही.

गेल्या वर्षी एक निवृत्त गृहस्थ वडिलांची 1970ची काळी शेवेल घेऊन आले. पेट्रोलची टाकी उतरवली तर तिच्यावर कारखान्याचा बिल्डशीट, म्हणजे गाडी कशी बनवायची त्याचा कागद, चिकटलेला. एक कोपरा उंदरांनी खाल्लेला, तरी वाचता येत होता. गाडी मुळात हिरवी! त्यांना आठवत होती ती काळीच. मी धंद्याचं तेच सांगितलं : हिरवी केलीत तर भाव जास्त येईल. दोन आठवडे फोन नाही. मग एका सकाळी स्वतःच आले, हातात काळ्या रंगाचं शेडकार्ड घेऊन.