बार्लीतलं वर्तुळ आणि "नक्की कुठलं शेत?"

आधी एक सांगून टाकतो: ड्रोनचे वाकडेतिकडे, फसलेले फोटो डिलीट करू नका. का, ते पुढे येईलच.

आम्ही स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याकडे राहतो. जूनमध्ये तीन आठवडे पाऊस नव्हता, मागच्या शेतातली बार्ली पिवळी पडत चाललेली. पोरानं ड्रोन वर नेला तर त्या पिवळ्यात हिरवंगार वर्तुळ, कंपासनं काढल्यासारखं, एका बाजूला आत शिरायला फट. ही इसवी सनाच्या आधीची वस्ती. भोवतीचा चर कधीच बुजला, पण त्यातली खोल माती ओल धरते, म्हणून तेवढ्या पट्ट्यात पीक उंच वाढतं आणि उशिरापर्यंत हिरवं राहतं. खाली दगडी भिंत असेल तर उलट, पीक खुरटतं. आजोबा ज्वारी बघून बुजवलेली विहीर दाखवायचे, तोच प्रकार. आपल्याकडे पांढरीचं टेकाड तरी उरतं. इथे नांगरानं सगळं सपाट, बांधावरून काही म्हणजे काही दिसत नाही.

शेतकऱ्याची परवानगी एका चहात मिळाली. मग प्राचीन जागांच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसचा फॉर्म भरायला बसलो आणि गाडी रुतली.

जागा म्हणून त्यांना ब्रिटिश नकाशाच्या चौकटींची दोन अक्षरं आणि आठ आकडे हवेत. माझ्याकडे मोबाईलचे अक्षांश-रेखांश. ते टाकले की लाल रेघ. शेवटी बदलून टाकले, पण आधी पूर्वेचे आकडे, मग उत्तरेचे, हे कोण सांगणार? मी उलटे टाकले आणि आमची वस्ती भलत्याच गावात जाऊन बसली. दुरुस्तीची मेल केली. "आपली मेल मिळाली" असं आपोआप येणारं उत्तर आलं. त्यानंतर पाच आठवडे शुकशुकाट. मी रोज सकाळी मेल उघडायचो, बायको हसायची. मग आलं: "फोटोत शेताची कड दिसत नाही. नक्की कुठलं शेत? शक्य असल्यास पुन्हा फोटो काढावा."

तोवर बार्ली कापून झाली होती! शेतात नुसती खुंटं आणि पेंढ्याचे गोल गठ्ठे. खिडकीत उभा राहून मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वाचवलं पोराच्या मेमरी कार्डानं. ड्रोन वर जातानाचा पहिलाच फोटो: खाली माझे बूट, फाटक, गुरांचं पाण्याचं टाकं आणि वरच्या कोपऱ्यात वर्तुळाची हिरवी कड. तो पाठवला, चार दिवसांत उत्तर. जागेची नोंद 1977 पासूनच आहे म्हणे. 1976 मध्ये इथे पद्धतशीर हवाई पाहणी सुरू झाली, त्यातलीच. ट्रोव्ह डॉट स्कॉट या स्कॉटलंडच्या जुन्या जागांच्या नोंदींच्या वेबसाइटवरच्या नकाशावर आधी बघायला हवं होतं, तुम्ही बघा. पण जुन्या फोटोत नुसता चर होता. आमच्या फोटोत आत दोन लहान गोल आहेत, घरांचे. ते नोंदीत आले.

(कॅमेरावाल्या बहुतेक ड्रोनना ऑपरेटर आयडी, म्हणजे ड्रोनमालकाचा नोंदणी क्रमांक लागतो. तो आधी काढा, हे राहिलंच.)

शेतकऱ्याला काळजी एकच, नांगरणी बंद करतील का. संरक्षित यादीत असलेल्या जागेतसुद्धा पूर्वीइतक्याच खोलीची नांगरणी चालते, हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा सैल झाला. म्हणाला, "पुढच्या वर्षी तिथे गहू आहे. गव्हात दिसतं ना?"